साडेचारचं पाणी

गणेशपेठेहून पारशिवनी, तिथून
कुणाच्याशा जीपमध्ये कांद्याच्या पोत्यावर,
आणि शेवटचा कोसभर पायी.
खोली म्हणजे मातीच्या चार भिंती, वर कवेलू,
सागाचं दार, कडी आहे, कोंडा नाही.
परसराम मारबते म्हणाला, "रात्री दगड लावून घेजा.
अस्वल येत नाही.
आलंच, तर दगडानं थांबत नाही."
आणि दुपट्ट्यानं कंदिलाची काच पुसत बसला.

मी तीन रात्रींचे पैसे आगाऊ दिले.

खिडकीतून जलाशय.
डोंगर उकिडवे बसलेले,
लग्नघरात परातीभोवती बायका बसतात तसे,
मधे पाणी, कुणी हात न घातलेलं.
पाण्यातून वर आलेली सागाची वठलेली खोडं,
एकेका खोडावर एकेक पाणकावळा
पंख वाळत घालून.

रात्री उंदराने साखरेची पुडी फोडली.
वाकळीला धुराचा वास.
कवेलूंच्या फटीतून एक चांदणी थेट डोळ्यात,
कूस बदलली तर दुसरी.

साडेचारला जाग आली.
एकतीस वर्षं येते.
नंदनवनात आमच्या गल्लीत नळ साडेचारला येतो.
आधी खोकतो,
मग नुसती हवा,
मग करंगळीएवढी धार,
आणि मी गुंड, बकेट, कळशी, भगोणं,
शेवटी चहाचं पातेलंसुद्धा.
धाकटी झाली त्या पहाटे
आधी ड्रम भरला, मग रिक्षा बोलावली.
हे गेले त्या पहाटे
ढेंगेबाईंनी माझे गुंड भरून ठेवले;
रडायच्या आधी मी पाहिलं,
काठोकाठ होते.

इथं अंधारात हात बकेटीकडे गेला
आणि गार कंदिलाला लागला.
काहीच खोकलं नाही.

दगड सरकवला. उतरले.
धुकं पाण्यावर अजून पांघरलेलं.
हेच ते.
इथून निघून, गोरेवाड्याला औषध पिऊन,
टाकीवर चढून, रस्त्याखालून सरपटत
माझ्या गुंडात येणारं.
रोज दारात येणारा दूधवाला
त्याच्या घरी, बनियनवर,
तोंड उघडं टाकून झोपलेला दिसावा,
तसं काहीसं झालं.
मागे फिरावं का, कळेना.
चपला काढून हातात घेतल्या.

"काहून बाई, झोप नाही लागली?"
मारबतेची बायको, कौतिका.
डोईवर एक गुंड, काखेत एक.
"पानी कुठं पळून नाही राह्यलं."

ती वाकली, हातानं धुकं बाजूला सारल्यागत केलं,
गुंड आडवा धरला.
त्यानं दोन घोट घेतले, मग गटागटा.
"तुमच्याकडं नळ असन."
हो म्हटलं.
"किती वाजता येते?"
साडेचारला.
तिनं पूर्वेकडं पाहिलं,
जिथं अजून काही नव्हतं.
"मंग आत्ताच."
आणि हसली नाही.

दुसरा गुंड मी मागितला.
एकतीस वर्षं पाणी उचललं,
पण नळापासून मोरीपर्यंत, सपाटीवर.
चढावर ते वेगळंच वागतं,
पाऊल टाकलं की मागे ओढतं,
परत जायचं असल्यासारखं.
अर्धं माझ्या पाठीवर सांडलं.
कौतिका पुढे चालत राहिली,
तिचं एक थेंब नाही,
आणि मागे वळून पाहिलं नाही,
हे तिचे उपकार.

दुपारी मरळीचा रस्सा.
तो त्याच अर्ध्या गुंडाचा होता.
मी दोनदा मागून घेतला.

तिसऱ्या रात्रीही साडेचारला उठले.
तेव्हाही गुंड सांडला. थोडा कमी.

आता घरी नळ खोकला
की मी लगेच काही लावत नाही.
लांबून आलंय,
दम घेऊ दे.

ढेंगेबाई भिंतीपलीकडून ओरडतात,
"अवो, ड्रम लावा आधी!
सहाला जाते ना ते!"